सेम टू सेम, फक्त स्टिकर नाही

…आणि वर लोक मलाच विचारतात, "काय हेमचंद्र, तुम्ही तर परचेसमधले, तुम्ही कसे फसलात?" अहो, फसलो कुठे? फसवायला समोर कोणीतरी लागतं ना! तुम्हाला सांगतो, त्या दुकानदाराने मला फसवलं असतं ना, तर आज मी इथे ताठ मानेने उभा राहून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. पण त्या भल्या माणसाने मला तीनदा सांगितलं, घेऊ नका. तीनदा! आणि मी पठ्ठ्याने त्याच्याशी भांडून, घासाघीस करून, वर त्याच्याच पैशाचा चहा पिऊन, स्वतःचा खड्डा स्वतः खणला आणि तोही डिस्काउंटमध्ये!

थांबा, नीट सांगतो. दोन हजार सालचा डिसेंबर. आम्ही राहतो शारजात, अल मजाजला, नवव्या मजल्यावर, लगून व्ह्यू. म्हणजे बाथरूमच्या खिडकीतून, तेही स्टुलावर चढलं तर, पण व्ह्यू तो व्ह्यूच. मी एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत परचेस मॅनेजर. सिमेंट, सळ्या, टाइल्स, पाइप… टेस्ट सर्टिफिकेटशिवाय माझ्या टेबलावरून एक खिळा पुढे सरकत नाही. एकदा सळ्यांचा भरलेला ट्रेलर मी साइटच्या गेटवरून परत पाठवलाय. म्हटलं, "हबीबी, सर्टिफिकेट?" तो म्हणाला, "टुमॉरो, इन्शाल्ला." मी म्हटलं, "देन स्टील ऑल्सो टुमॉरो, इन्शाल्ला!" अख्खं ऑफिस हसलं. आजही सांगतात तो किस्सा. म्हणजे मीच सांगतो, पण सांगितला जातो.

तर असा मी. आणि घरी अनुराधा. आमची ही. पुण्याची एम.ए., मराठी घेऊन. आता शारजात मराठी एम.ए.ला काय नोकरी मिळणार? पण ती स्वस्थ बसणारी नाही. दर शुक्रवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये मराठी शाळा. अठरा पोरं! इथेच जन्मलेली, घरी आईबापांनी मराठीत हाक मारली तरी "व्हॉट, मॉम?" म्हणणारी. त्यांना ही अ आ इ ई शिकवायची. पण पुस्तकं सगळी इंडियातली. त्यात काय, तर "बैल नांगर ओढतो." एक पोरगं म्हणालं, "आंटी, व्हॉट इज नांगर?" हिने फळ्यावर काढून दाखवला. ते म्हणालं, "ओके, अँकर." आता बैल अँकर ओढतो म्हटल्यावर पुढे काय शिकवणार, सांगा!

म्हणून हिने ठरवलं, आपणच पुस्तक लिहायचं. आपल्या इथल्या पोरांसाठी. 'अ' अबऱ्याचा… अबरा म्हणजे ती दुबईच्या खाडीत माणसं ने-आण करणारी लाकडी होडी. 'ख' खजुराचा. 'ल' लिफ्टचा. चौसष्ट पानं, पानोपानी फोटो, आणि गुढीपाडव्याला पुस्तक छापून पोरांच्या हातात. सगळं हीच टाइप करणार, आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर. आणि तो कॉम्प्युटर कसा? एक फोटो उघडला की अर्धा तास ध्यानस्थ! ऋता, आमची मुलगी, चौदा वर्षांची, मला म्हणाली, "डॅड, इट हॅज नो मेमरी. इट्स लाइक यू."

म्हणजे मेमरी वाढवायला हवी. त्याची एक हिरवी पट्टी मिळते, हाताच्या पंजाएवढी, तिच्यावर काळे काळे चौकोन. ती आत खोचली की झालं. अनुराधा मला दारात उभी राहून म्हणाली, "अहो, हे माझं काम आहे. स्वस्तातलं काही उचलून आणू नका. कंपनीची, वॉरंटीची आणा." आता ती असं का म्हणाली? तर पूर्वी मी एक इस्त्री आणली होती, सत्तावीस दिरहमची. तिला हात लावला की कपड्यांच्या आधी माणूस सरळ व्हायचा. हे असं एखादं उदाहरण बायका जन्मभर लक्षात ठेवतात.

मी गेलो बर दुबईला, खालिद बिन वलीद रोडवर. तिथे ओळीने कॉम्प्युटरची दुकानं. एकात याकूब म्हणून हैदराबादचा माणूस. त्याने दोन पट्ट्या काउंटरवर ठेवल्या. एक कंपनीची, डब्यातली, स्टिकर लावलेली, दोनशे ऐंशी दिरहम. म्हणजे दिरहमला साडेबारा रुपयांनी… साडेतीन हजार रुपये! दुसरी उघडी, पिशवीतली, एकशे पासष्ट. दोन हजार बासष्ट रुपये पन्नास पैसे. मी चष्मा लावला. ही बघितली, ती बघितली. उलटी केली. चौकोन मोजले. इकडे आठ, तिकडे आठ. आणि मी, ज्याने सळ्यांचा ट्रेलर परत पाठवला तो मी, काय म्हणालो? "अरे भाई, ये तो सेम टू सेम है! फक्त स्टिकर नाही!"

तो म्हणाला, "नक्को साब. कामका है तो ये लेव. इसका टेस्टिंग हुआ रहता."

मी म्हटलं, "स्टिकर का एक सौ पंधरा दिरहम?"

तो म्हणाला, "साब, स्टिकर का नहीं, टेस्टिंग का. मेरे को तो डब्बेवाली में भी उतनाच मिलता. आपके फायदे का बोल रऊं."

आता बघा, दुकानदार माझ्या फायद्याचं बोलतोय म्हटल्यावर माझ्यातला परचेस मॅनेजर जागा झाला! नक्कीच काहीतरी डाव आहे! मी आणखी घासाघीस केली, पाच दिरहम कमी करून घेतले, त्याने तिसऱ्यांदा मान हलवली, "साब, बाद में मेरे को बोलना नक्को." मी म्हटलं, "यल्ला यल्ला, पॅक करो." आणि मग… हे सांगायला जरा जड जातं… मी त्याला म्हटलं, "वो कंपनी का खाली डब्बा होगा क्या?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं ना! आजही डोळे मिटले की दिसतं. पण दिला बिचाऱ्याने. मी ती पिशवीतली पट्टी त्या डब्यात घातली, डबा बंद केला आणि घरी येऊन अनुराधाच्या हातात ठेवला. "घे. कंपनीची." ती इतकी खूश झाली! मला म्हणाली, "वाटलं नव्हतं हो तुम्ही आणाल." आणि मी ते ऐकून घेतलं. लाजेने? छे! अभिमानाने!

पट्टी मीच बसवली. पहिले दोन आठवडे काय सांगू, रॉकेट! फोटो फटाफट उघडतायत, पानं सरसर होतायत, आणि मी मागे हात बांधून येरझाऱ्या घालतोय, मनात म्हणतोय, बघ याकूब, सेम टू सेम, फक्त स्टिकर नाही!

आणि मग एके दिवशी स्क्रीन निळी झाली. पूर्ण निळी, वर पांढरी अक्षरं. बंद करून चालू केला तर मध्येच एक चौकट आली, की म्हणे तुमच्या प्रोग्रॅमने 'इल्लीगल ऑपरेशन' केलंय. इल्लीगल! अहो, यूएईत राहणाऱ्या माणसाला हा शब्द दाखवायचा असतो का? मी आधी कपाट उघडून व्हिसाची तारीख बघितली, मग पाणी प्यालो. मग म्हटलं, हे शारजाच्या लाइटमुळे होत असणार. मग म्हटलं, दमट हवेमुळे. मग ऋताच्या गेममुळे. तिच्या सगळ्या गेमच्या सीड्या जप्त करून मी कपाटात कुलूपबंद केल्या. ती ओरडली, "दॅट्स सो अनफेअर! इट्स नॉट माय गेम्स!" मी म्हटलं, "उलट बोलायचं नाही." गुन्हेगार मी, जेलमध्ये सीड्या.

पण निळी स्क्रीन परवडली हो. पुढचं वाईट. जानेवारीत अक्षरं बदलायला लागली.

म्हणजे हिने लिहिलं होतं, "बाबा काम करतात." शनिवारी पान उघडलं तर, "बाबा काय करतात." आता वाक्य चूक नाही, प्रश्नही रास्त आहे, पण हिने लिहिलेलं नाही! हिने दुरुस्त केलं. सोमवारी तिसऱ्याच पानावर, "उंट वाळूत पळतो" होतं, त्याचं झालं "उंट वाळूत तळतो." काय तळतो? भजी? हिने तेही दुरुस्त केलं. बुधवारी "होडी पाण्यात तरते" उघडली, तर होडी पाण्यात मरते! लहान मुलांच्या पुस्तकात!

अनुराधा मला म्हणाली, "अहो, मी हे नव्हतं लिहिलं." आणि मी काय म्हणालो? ऐका. मी म्हणालो, "मग काय कॉम्प्युटरने लिहिलं? तुझंच शुद्धलेखन कच्चं झालं असेल. शारजात राहून होतं असं." पुण्याच्या एम.ए.ला! मी! ज्याच्या रजेच्या अर्जातलं इंग्रजीसुद्धा ऑफिसातला फिलिपिनो क्लार्क तपासतो, तो मी!

ती भांडली असती, तर बरं झालं असतं. त्याऐवजी ती प्रत्येक पान तीनतीनदा वाचायला लागली, बोट ठेवून, अक्षर न् अक्षर. तरी दोन दिवसांनी चूक निघायचीच. मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. नंबर तोच. तरी नवा चष्मा केला, तीनशे वीस दिरहम, म्हणजे चार हजार रुपये. मी वाचवलेले किती? आठवतंय ना? जाऊ दे. आणि चष्मा लावून परत येताना गाडीत ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आईचं असंच सुरू झालं होतं. आधी अक्षरं चुकायला लागली. मग गॅस बंद केला की नाही ते. मग आम्ही."

तुम्हाला सांगतो, त्या वेळी गाडी थांबवून सांगायला हवं होतं ना? नऊ वर्षांपूर्वी गेल्या माझ्या सासूबाई. शेवटी शेवटी तर अनुराधालाच विचारायच्या, "तुम्ही कोणाकडच्या?" हे सगळं मला माहीत. आणि माझ्या पोटात कुठेतरी एक हिरवी पट्टी टोचायलाही लागली होती. पण आता सांगायचं म्हणजे डब्याचंही सांगावं लागणार! मग मी काय केलं? मी बदाम आणले. स्मरणशक्तीला चांगले म्हणून. आणि बदाम कसले? सगळ्यात महागाचे, सीलबंद डब्यातले! दुकानदार म्हणाला, "साब, खुले में सस्ता है, माल वही है." मी त्याच्यावर ओरडलो, "बायको के लिए चाहिए! खुला क्या देता है!" हिच्या मेमरीसाठी डब्यातले बदाम, आणि हिच्या कॉम्प्युटरच्या मेमरीसाठी… सेम टू सेम, फक्त स्टिकर नाही!

फेब्रुवारी लागला आणि एका शुक्रवारी पोरं गेल्यावर हिने खडू, डस्टर, सगळं पिशवीत भरलं. म्हणाली, "पुस्तक राहू दे. वर्गही आता दुसरं कोणीतरी घेऊ दे. चुकीचं शिकवण्यापेक्षा न शिकवलेलं बरं."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून थेट याकूबकडे. म्हटलं, "वो अक्षर बदलता है." तो हसला नाही हो, तेवढं मात्र त्याचं मोठेपण. म्हणाला, "होता साब. सस्ती पट्टी में कभी एकाध दाना खराब रहता. क डालो तो ख निकलता. कम्प्यूटर को खुद मालूम नहीं पडता, वो सच्चा समझ के सेव कर लेता." मी गुपचूप कंपनीची पट्टी घेतली. आणि भाव किती झाला होता तोपर्यंत? दोनशे दहा! म्हणजे मी नुसता दोन महिने हात बांधून बसलो असतो तरी…! असो.

अनुराधा खाली भाजी आणायला गेली आणि मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलो. जुनी पट्टी काढली, नवी लावली, माझी योजना अशी, की कोणाला कळायचं नाही, चुका बंद होतील, आणि श्रेय बदामांना! तेवढ्यात मागून, "डॅड, व्हॉट आर यू डूइंग?"

ऋता. एका हातात माझी जुनी पट्टी उचलली, दुसऱ्या हातात नव्या पट्टीचा डबा, आणि चौदा वर्षांची ती पोर, दहा सेकंदांत तिला सगळं कळलं. मी म्हटलं, "ऋता, बाळा, तुझ्या सगळ्या सीड्या परत देतो." ती म्हणाली, "यू विल गिव्ह मी माय गेम्स एनीवे." मग म्हणाली, "मॉम वॉज क्राइंग इन द किचन. डिड यू नो?" मला नव्हतं माहीत. "यू हॅव टिल फ्रायडे," म्हणाली आणि गेली. माझा एम.डी. सुद्धा मला इतक्या शांतपणे डेडलाइन देत नाही!

आणि गंमत बघा, योजना यशस्वी झाली! ऋताने आग्रह करून आईला परत टाइप करायला बसवलं. चार दिवस गेले, एक चूक नाही. अनुराधा फोनवर बहिणीला सांगतेय, "अगं, बदामांनी गुण आला बघ." मी सोफ्यावर पेपर तोंडासमोर धरून सुटकेचा श्वास सोडतोय, तर ती पुढे म्हणाली, "पण किती दिवस टिकेल कोण जाणे. मी ऋतासाठी एक वही लिहायला घेतलीय. माझं डोकं पुरतं गेलं तर तिला कळायला हवं ना, दागिने कुठेत, तिला कोणतं औषध चालत नाही, आणि… आणि ती जन्मली त्या दिवशी काय काय झालं ते."

पेपर माझ्या हातातून गळाला. खरंच सांगतो. इथे मला विनोद सुचत नाही.

गुरुवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेलो. ती उद्यासाठी बदाम भिजत घालत होती, मोजून अकरा. मी म्हटलं, "अनुराधा, ती मेमरी…"

"बरीय आता. या आठवड्यात एक चूक नाही."

"तुझी नाही. कॉम्प्युटरची. मी स्वस्तातली आणली होती. डबा… डबा मागून घेतला होता. अक्षरं ती पट्टी बदलत होती. आता मी नवी लावलीय."

तिने बदामांची वाटी खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे 'बाबा काय करतात' ते मी नव्हतं लिहिलं?"

"नाही."

"आणि उंट?"

"तोही नाही."

"होडी?"

"नाही गं. एकही नाही. तुझी एकही चूक नव्हती."

"म्हणजे मी…" ती तिथेच खाली फरशीवर बसली. "म्हणजे माझं डोकं ठीक आहे?"

मी म्हटलं, "तुझं ठीक आहे." आणि ती रडायला लागली. असं रडली, असं रडली, आणि रडता रडता हसायला लागली, मीही शेजारी बसलो, मला वाटलं चला, सुटलो, केवढी समजूतदार बायको!

सुटतोय कसला! आनंद एक दिवस टिकला, राग दुसऱ्या दिवशी आला. चार दिवस अबोला. सगळा कारभार ऋतामार्फत. "डॅड, मॉम सेज डिनर इज रेडी. मॉम ऑल्सो सेज इट्स अनब्रँडेड." पाचव्या दिवशी अनुराधाने चौसष्ट पानांची प्रिंट माझ्यासमोर आपटली आणि लाल पेन दिलं. "शुद्धलेखनावरून मला बोललात ना? आता तुम्हीच तपासा सगळं. छापायला द्यायचंय."

मी तपासलं. मन लावून. एक्केचाळीस चुका काढल्या! एक्केचाळीस! रुबाबात नेऊन दिल्या. तिने बघितलं, आणि तिचा चेहरा असा काही उजळला ना! एक्केचाळीसपैकी एकोणचाळीस ठिकाणी मी बरोबर शब्द चूक केला होता. उरलेले दोन पानांचे नंबर होते.

पुस्तक झालं हो. अल कुसैसच्या छापखान्यात छापलं, पाडव्याला अठरा पोरांच्या हातात पडलं, एक पोरगं तर "'ल' लिफ्टचा" असं ओरडत लिफ्टमधूनच गेलं. अनुराधाला पाडव्याच्या साडीत इतकं हसताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

आणि त्याच्या पुढच्या शुक्रवारपासून वर्गात पोरं एकोणीस.

एकोणिसावा मी. सतरंजीवर, शेवटच्या रांगेत, मांडी घालून. एकदा मी सवयीने वाद घातला, म्हटलं, "'दिन' काय नि 'दीन' काय, सेम टू सेम, फक्त वेलांटी वेगळी!" तर पुढच्या रांगेतली शुभ्रा, वय वर्षं सात, मागे वळून मला समजावून सांगते, "दिन म्हणजे दिवस, अंकल. दीन म्हणजे… म्हणजे यू."

परवा आमची परीक्षा झाली. शंभरपैकी एकसष्ट पडले मला. शुभ्राला अठ्ठ्याण्णव. बाईंनी निकालपत्र हातात दिलं आणि सगळ्यांना सांगतात तेच मलाही सांगितलं, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. "घरून पालकांची सही आणायची." मी म्हटलं, "अगं, मीच पालक आहे." म्हणाली, "वर्गात 'अगं' नाही म्हणायचं."

काय करणार? आणली सही. ऋताने केली. आणि खाली शेरा मारलाय, इंग्रजीत, चांगल्या वळणदार अक्षरात… "सीन. ही इज ट्राइंग."